परीक्षण-नोंदींचे व्याकरण : अनुक्त आणि शून्य यांतील भेद

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अर्धसंवाहकांच्या कारखान्यातील फाइलींविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून या लेखाचे निमित्त आरंभीच सांगणे इष्ट होईल. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक मूर्तिजापूर येथे मराठीचे व्याकरण शिकवीत असे. त्या वर्गातील एक विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीकडे वळला आणि आता तो चिप तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या परीक्षण-विभागात काम करतो. गेल्या वर्षी त्याने दूरध्वनीवरून एक प्रश्न विचारला. प्रश्न त्याच्याच वऱ्हाडी शब्दांत असा होता : "सर, रकाना रिकामा असला तं 'नाही' समजावं, का 'मांगचंच' समजावं?"

प्रश्नामागील हकीकत थोडक्यात अशी. त्याच्या विभागात चिपांच्या परीक्षणाचे निकाल वाचून त्यांचा गोषवारा काढणारा एक प्रोग्राम वापरात होता. मालाच्या एका खेपेत परीक्षण-यंत्राने काही चिपा नापास ठरविल्या होत्या; गोषवाऱ्यात मात्र त्याच चिपांची सर्व मापने निर्दोष दिसत होती. यंत्राचा संपर्क सैल असावा आणि नापासाचा शेरा चुकून उमटला असावा, असे विभागातील बहुतेकांचे मत पडले. या चिपा वाहनांत बसविल्या जाणार होत्या. तेव्हा यंत्र खरे की गोषवारा खरा, हा केवळ हिशेबाचा प्रश्न नव्हता.

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी त्या तरुणाने जो मार्ग धरला, तो म्हणजे फंक्शनल प्रोग्रामिंगच्या पद्धतीने लिहिलेली, अशा फाइली वाचणारी एक लायब्ररी. तिचे स्वरूप समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर, ज्यास आपण शाळेत 'व्याकरण चालविणे' म्हणतो तेच काम ही लायब्ररी करीत असते, आणि तिची खरी कसोटी जे लिहिले आहे ते वाचण्यात नसून जे लिहिलेले नाही त्याचा अर्थ लावण्यात आहे, हे दाखविण्याचाही प्रयत्न येथे केला आहे.

२. फाइल कशाची असते?

सिलिकनच्या एका चकतीवर शेकडो, कधी हजारो चिपा एकाच वेळी घडविल्या जातात. चकती कापण्यापूर्वी बारीक सुयांनी प्रत्येक चिपेला स्पर्श करून तिची विद्युत्-परीक्षा घेतात. कापून आवरणात बसविल्यावर ती परीक्षा पुन्हा घेतली जाते. विशिष्ट दाब दिला असता किती प्रवाह वाहतो, बंद अवस्थेत किती गळती होते, अपेक्षित संकेत योग्य वेळी बाहेर पडतो किंवा नाही, अशी मापने एकामागून एक घेतली जातात. प्रत्येक मापनास खालची व वरची मर्यादा असते. माप त्या मर्यादांत बसले तर चिप त्या चाचणीत उत्तीर्ण होते.

एका खेपेत दहा हजार चिपा आहेत आणि प्रत्येकीवर पाचशे मापने झाली असे धरले, तर नोंदींची संख्या ५० लक्ष होते. एवढ्या नोंदी ठेवण्यासाठी टेराडाइन या अमेरिकन कंपनीने एक आराखडा ठरविला. १९६० साली स्थापन झालेली ही कंपनी परीक्षण-यंत्रे बनविते. आराखड्याचे नाव 'स्टँडर्ड टेस्ट डेटा फॉरमॅट', संक्षेपाने एस.टी.डी.एफ. त्याची चौथी आवृत्ती आजही प्रचारात असून २००७ साली तिला पुरवणी जोडली गेली. इतर कंपन्यांची यंत्रेही या आराखड्यात फाइली लिहितात. त्यामुळे हा आराखडा या व्यवसायाची जणू प्रमाणभाषा झाला आहे.

आपल्या देशात या विषयाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरातेतील धोलेरा व साणंद आणि आसामातील मोरीगाव येथील तीन प्रकल्पांना मान्यता दिली. त्यांपैकी साणंद व मोरीगाव येथील प्रकल्प चिपांची जुळणी व परीक्षण यांसाठीच आहेत. तेव्हा विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या हाती अशा फाइली येणे आता दूरचे राहिलेले नाही.

३. खंड नसलेला मजकूर

एस.टी.डी.एफ. फाइल उघडून पाहिली तर डोळ्यांना काहीच बोध होत नाही. तीत ओळी नाहीत, स्वल्पविराम नाहीत, रकाने नाहीत; केवळ बाइटांची, म्हणजे ० ते २५५ या दरम्यानच्या संख्यांची, अखंड माळ असते. मोडी लिपीतील कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ही अडचण परिचित वाटेल. मोडीत शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात. शब्द कोठे संपला हे कागद सांगत नाही. ते वाचकाने आपल्या भाषाज्ञानाने ठरवावयाचे असते.

एस.टी.डी.एफ. मध्ये मात्र या अडचणीवर एक सोय आहे. प्रत्येक नोंदीच्या आरंभी चार बाइटांचे शीर्ष असते. पहिल्या दोन बाइटांत पुढील मजकुराची लांबी, तिसऱ्यात नोंदीचा वर्ग आणि चौथ्यात उपवर्ग सांगितलेला असतो. वर्ग १, उपवर्ग १० म्हणजे संपूर्ण खेपेची माहिती देणारी मुख्य नोंद. वर्ग १५, उपवर्ग १० म्हणजे एका मापनाची नोंद. लांबी आधीच कळत असल्यामुळे अपरिचित वर्गाची नोंद आली तरी वाचक तेवढे बाइट ओलांडून पुढच्या नोंदीवर अचूक पोहोचू शकतो. नोंदीतील अक्षरमालेसही हाच नियम लागू आहे : आधी एका बाइटात अक्षरांची संख्या, मग तितकी अक्षरे.

परंतु लांबी वाचण्यापूर्वीच एक प्रश्न उभा राहतो. दोन बाइट मिळून जी संख्या होते, तिचा मोठा भाग आधी की लहान भाग आधी? मराठी भाषकास हा प्रश्न समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आपण २५ लिहिताना दशकाचा अंक आधी लिहितो, पण उच्चारताना 'पंचवीस' म्हणतो. म्हणजे पाच आधी, वीस नंतर. लेखनाचा क्रम एक आणि वाणीचा क्रम दुसरा. संगणकांतही असेच दोन संप्रदाय आहेत. १ आणि २ असे दोन बाइट लागोपाठ आले, तर एका संप्रदायानुसार त्यांची किंमत १ × २५६ + २ = २५८ होते; दुसऱ्यानुसार १ + २ × २५६ = ५१३ होते.

म्हणून फाइलीची पहिली नोंद ही तिच्या वाचनाची किल्ली असते. तिच्यात दोनच गोष्टी असतात : फाइल कोणत्या प्रकारच्या संगणकाच्या रीतीने लिहिली आहे, आणि आराखड्याची आवृत्ती कोणती. या नोंदीची लांबी नेहमी २ च असते. आरंभीचे बाइट २, ० असे आले तर लहान भाग आधी. ०, २ असे आले तर मोठा भाग आधी. संगणकांच्या यादीत पी.डी.पी.-११ आणि व्हॅक्स ही आता वापरातून गेलेली यंत्रे आहेत, यावरून आराखड्याचे वयही लक्षात येते.

४. फंक्शनल पद्धतीची लायब्ररी

अशी फाइल वाचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कृतींची यादी देण्याचा : 'इतके बाइट घे, या जागी ठेव, खूण पुढे सरकव, अमुक असेल तर तमुक कर.' वाचन कोठवर आले याची खूण आणि मधली स्थिती ही प्रोग्रामभर सर्वांना बदलता येतील अशा जागी ठेवलेली असते. दुसरा मार्ग रचना सांगण्याचा : 'शीर्ष म्हणजे दोन बाइटांची संख्या, तिच्यामागे एक बाइट, त्यामागे आणखी एक.' कृती कशी करावयाची हे लायब्ररी पाहते. लिहिणारा केवळ लक्षण सांगतो. पहिला मार्ग पाककृतीसारखा, तर दुसरा व्याकरणाच्या नियमासारखा म्हणता येईल.

हा दुसरा मार्ग फंक्शनल पद्धतीस स्वाभाविक आहे. या पद्धतीत प्रोग्रामचा घटक हा गणितातील 'फल' असतो. तेच दिले असता तेच मिळते, आणि मध्ये गुपचूप काही बदलत नाही. वाचक हाही एक फल मानला जातो. त्याला बाइटांची माळ द्यावी. तो त्यातून एक अर्थपूर्ण वस्तू आणि उरलेली माळ परत देतो, किंवा वाचन कोठे व का अडले ते सांगतो. येथे अपयश हेही एक उत्तर आहे. ते दडपता येत नाही.

लहान वाचक जोडून मोठा वाचक करण्याच्या मुख्य रीती तीन : क्रम, विकल्प आणि पुनरावृत्ती. 'हे, मग ते' हा क्रम. 'हे किंवा ते' हा विकल्प. 'हे जितक्या वेळा येईल तितक्या वेळा' ही पुनरावृत्ती. एका बाइटाचा वाचक, त्यापासून दोन बाइटांच्या संख्येचा, त्यापासून शीर्षाचा, शीर्षापासून नोंदीचा आणि नोंदीच्या पुनरावृत्तीपासून सबंध फाइलीचा, अशी ही चढती भाजणी आहे. पदांपासून समास आणि समासांपासून आणखी मोठा समास व्हावा, तशी ही घडण होय.

फिलिप वॅडलर यांनी १९८५ साली आणि ग्रॅहम हटन यांनी १९९२ साली या पद्धतीचे विवेचन केले. १९९० साली सिद्ध झालेल्या हॅस्केल या भाषेत ती विशेष रुजली. त्याआधी प्रोग्रामिंगच्या भाषांचे व्याकरण नियमबद्ध लिहिण्याची रीत जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्यामुळे अल्गोल ६० या भाषेच्या निमित्ताने रूढ झाली होती. त्या रीतीस पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना इंगरमन यांनी १९६७ साली केली होती. या सूचनेवरून 'सारे काही आपल्याकडे आधीच होते' असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पाणिनीसमोर मानवी भाषा होती, यांच्यासमोर यंत्रांच्या नोंदी आहेत. साम्य प्रश्नाच्या स्वरूपात आहे. आणि ते कोठे आहे हे पुढील भागात दिसेल.

५. अनुक्ताचे प्रकार

मापनाच्या नोंदीत चाचणीचा क्रमांक, कोणत्या जागेवरील चिप, निकालाचे खुणांचे बाइट, मोजलेली किंमत, चाचणीचे नाव, खालची व वरची मर्यादा, मोजमापाचे एकक अशी क्षेत्रे क्रमाने येतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका चाचणीत चिपेला लागणारा प्रवाह ० ते ५ मिलिअँपिअर असावा, असे ठरले आहे. फाइलीत मोजलेली किंमत मूळ एककात, म्हणजे ०.००३२ अँपिअर, अशी असते. सोबत ३ हा मापांक असतो, आणि त्यामुळे ती ३.२ मिलिअँपिअर अशी दाखवावी हे कळते.

ही चाचणी दहा हजार चिपांवर व्हावयाची असेल, तर तेच नाव, तेच एकक आणि त्याच मर्यादा दहा हजार वेळा लिहिणे व्यर्थ होय. म्हणून आराखड्याने अशी तरतूद केली आहे की, एका चाचणीच्या पहिल्या नोंदीत या गोष्टी सांगाव्यात. पुढील नोंदींत त्या गाळल्या तरी पहिल्याच गृहीत धरल्या जातील. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास येथे 'अनुवृत्ती' आठवल्यावाचून राहणार नाही. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ७७ व्या सूत्रात 'पुढे स्वर असता' ही अट सांगितलेली आहे. ७८ व्या सूत्रात ती शब्दाने पुन्हा येत नाही, तरी लागू असते.

परंतु न सांगणे नेहमीच 'मागील पुढे चालू' या अर्थाचे असते असे नाही. मराठीतील दोन वाक्ये पाहावीत. 'गड्याने बैल सोडले, त्यांना पाणी पाजले आणि गोठ्यात बांधले.' येथे शेवटच्या क्रियापदाचा कर्ता आणि कर्म लिहिलेले नाहीत, पण ते आहेत. मागून चालत आले आहेत. आता 'उजाडले' हे वाक्य घ्यावे. येथेही कर्ता लिहिलेला नाही. पण तो मागूनही येत नाही, कारण तो मुळातच नाही. अशा क्रियापदांस आपले वैयाकरण 'भावकर्तृक' म्हणतात. दोन्ही ठिकाणी कर्त्याची जागा डोळ्यांना सारखीच रिकामी दिसते. व्याकरण मात्र त्या दोन रिकाम्या जागा वेगळ्या मानते.

एस.टी.डी.एफ. मध्ये नेमका हाच भेद केलेला आहे. मापनाच्या नोंदीत मर्यादांविषयी सांगणारा एक खुणांचा बाइट असतो. त्यातील बिट शून्यापासून मोजले असता चौथा बिट लागला तर त्याचा अर्थ असा : 'या नोंदीतील खालची मर्यादा ग्राह्य धरू नये, पहिल्या नोंदीतील घ्यावी.' सहावा बिट लागला तर अर्थ असा : 'या चाचणीस खालची मर्यादाच नाही.' वरच्या मर्यादेसाठी पाचवा आणि सातवा बिट अनुक्रमे हेच सांगतात. शिवाय नोंदीच्या शेवटची क्षेत्रे साफ गाळलेली असू शकतात. मग हा खुणांचा बाइटही नसतो, आणि नोंदीची लांबी संपली यावरूनच ते ओळखावे लागते. तेथेही अर्थ अनुवृत्तीचाच असतो.

काही क्षेत्रांत न सांगण्याची आणखी एक रीत आढळते. तीत एक विशिष्ट संख्या 'माहिती नाही' या अर्थाने राखून ठेवलेली असते. चकतीवरील चिपेचे स्थान ठाऊक नसेल तर −३२७६८ ही संख्या लिहितात. ज्याला हे ठाऊक नाही तो वाचक ही चिप चकतीच्या बाहेर कोठेतरी दूर असल्याचे मानून सरासरी काढील, आणि ती सरासरी निरर्थक ठरेल.

जुन्या हिशेबाच्या वह्यांत या सर्वांसाठी वेगवेगळ्या खुणा असत. वरच्याप्रमाणेच असेल तेथे 'कित्ता', काही नसेल तेथे आडवी रेघ, आणि रक्कम खरोखर शून्य असेल तेथे पूज्य. कापसाच्या बाजारातला कारकून या तीन खुणांची कधी गल्लत करीत नसे, कारण गल्लत झाली तर शेतकऱ्याचे पैसे बुडतात. विद्यार्थ्याच्या विभागातील प्रोग्रामने मात्र नेमकी तीच गल्लत केली होती. 'मागीलप्रमाणे' ही खूण त्याने 'मर्यादा नाही' अशी वाचली. परिणामी प्रत्येक चाचणीची पहिली नोंद तेवढी तपासली गेली. पुढील हजारो मापने कोणत्याही मर्यादेशी ताडून न पाहता निर्दोष ठरली. यंत्राने चिपा नापास केल्या होत्या त्या योग्य कारणानेच.

फंक्शनल लायब्ररीत या चुकीस प्रतिबंध कसा होतो? येथे 'मर्यादा' ही केवळ एक संख्या मानली जात नाही. तिचा प्रकारच असा घोषित केला जातो की, मर्यादा तीनपैकी एका रूपात असेल : 'दिलेली', 'मागीलप्रमाणे' किंवा 'नाही'. ही तीन रूपे परस्परांपासून भिन्न आहेत. 'मागीलप्रमाणे' या रूपाशी संख्येची तुलना करू गेल्यास प्रोग्राम तयारच होत नाही. तिन्हींपैकी एखाद्या रूपाचा विचार करावयाचा राहून गेला, तर योग्य ती व्यवस्था केली असता भाषांतरक-यंत्रणा लिहिणाऱ्यास तसा इशारा देते. म्हणजे माणसाच्या दक्षतेवर सोडलेली गोष्ट येथे भाषेच्या व्याकरणात आणली जाते.

६. पदपाठ आणि अन्वय

आता 'मागीलप्रमाणे' याचा उलगडा करावयाचा, तर मागील काय होते हे स्मरणात ठेवले पाहिजे. फंक्शनल पद्धतीत तर गुपचूप बदलणारे काही नसते, असे वर म्हटले. मग स्मरण कोठे ठेवावयाचे? याचे उत्तर वाचनाचे दोन टप्पे करण्यात आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक नोंद सुटी करून तिची क्षेत्रे ओळखावीत. मागीलपुढील संबंध पाहू नये. हा फाइलीचा पदपाठ होय. दुसऱ्या टप्प्यात नोंदी क्रमाने घेत जावे आणि सोबत एक कोश चालवावा : चाचणीचा क्रमांक आणि तिच्या पहिल्या नोंदीतील मर्यादा. प्रत्येक पायरीवर जुना कोश व नवी नोंद दिली असता नवा कोश व उलगडलेली नोंद मिळते. स्मरण असते, परंतु ते हातातून हातात उघडपणे दिले जाते.

याच टप्प्यावर आणखी एक अन्वय लावावा लागतो. वेळ वाचविण्यासाठी यंत्र एकाच वेळी चार, आठ किंवा अधिक चिपा तपासते. प्रत्येक चिपेचा आरंभ व शेवट सांगणाऱ्या नोंदी असतात, पण त्यांच्या दरम्यान सर्व चिपांची मापने एकमेकांत मिसळून येतात. ती कंसांप्रमाणे एकात एक बसविलेली नसतात. म्हणून कंस मिटविण्याच्या साध्या नियमाने त्यांची उकल होत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीवर यंत्राच्या शिराचा व जागेचा क्रमांक असतो. दूर पडलेले विशेषण लिंगवचनाच्या मेळावरून आपल्या नामास जाऊन मिळावे, त्याप्रमाणे हा क्रमांक मापनास त्याच्या चिपेशी जोडतो.

अनुवृत्तीचा एक परिणाम येथे नमूद केला पाहिजे. फाइल मोठी म्हणून तिचे तुकडे करून ते वेगवेगळ्या संगणकांस वाचावयास द्यावेत, असा मोह होतो. पहिल्या टप्प्यापुरते, नोंदींच्या सीमा सांभाळून, ते चालेल. दुसऱ्या टप्प्यात मात्र दुसऱ्या तुकड्याजवळ पहिल्या नोंदी नसतात, आणि तेथे अनुवृत्ती तुटते. अशा वेळी चांगल्या लायब्ररीने अंदाज करू नये. 'या चाचणीची मूळ नोंद सापडत नाही' असे स्पष्ट सांगावे.

७. मूर्तिजापूरचे उदाहरण

हा उलगडा प्रोग्रामच्या कोणत्या ठिकाणी करावा, या प्रश्नाचे उत्तर त्या विद्यार्थ्यास त्याच्या गावानेच दिले, असे म्हणावयास हरकत नाही. मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील जंक्शन. तेथून एका बाजूस अचलपूर आणि दुसऱ्या बाजूस यवतमाळपर्यंत 'शकुंतला' या नावाने प्रसिद्ध असलेली अरुंदमापी गाडी धावत असे. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी हा मार्ग घातला गेला. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन त्या मार्गावर १९९४ पर्यंत चालले. शकुंतलेच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुख्य मार्गाच्या रुळांतील १६७६. एका मार्गाची वाघीण दुसऱ्यावर जाऊ शकत नसल्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मूर्तिजापुरास उतरवून मोठ्या वाघिणींत भरणे भाग होते.

या व्यवस्थेतील सोय अशी की, माप बदलण्याचा सारा खटाटोप त्या एका स्थानकावर संपे. पुढे भुसावळास किंवा मुंबईस कोणालाही अरुंद मापाची चिंता करावी लागत नसे. फाइलींच्या बाबतीतही हेच धोरण हितकर आहे. बाइटांचा क्रम, राखीव संख्या, गाळलेली क्षेत्रे, अनुवृत्ती या साऱ्यांचा निकाल प्रवेशाच्या एकाच ठिकाणी लावावा. तेथून पुढे जी मर्यादा जाईल तिची दोनच रूपे असावीत : 'इतकी आहे' किंवा 'नाही'. 'मागीलप्रमाणे' हे तिसरे रूप जंक्शनच्या पुढे जाऊच नये. जेथे गोषवारा काढणारा, आलेख काढणारा आणि अहवाल लिहिणारा, असे सर्वच आपापल्या परीने कच्च्या नोंदींचा अर्थ लावतात, तेथे आज ना उद्या एकाचा अर्थ दुसऱ्याशी विसंगत होतो.

यास एक पुस्ती जोडावी लागेल. गाठी एका वाघिणीतून दुसरीत गेल्या तरी त्यांवरील खुणा पुसल्या जाता कामा नयेत. माल कोणाचा व कोठून आला हे शेवटपर्यंत कळले पाहिजे. त्याचप्रमाणे उलगडलेल्या मर्यादेसोबत ती त्याच नोंदीत होती की अनुवृत्तीने आली, आणि आली असल्यास फाइलीतील कितव्या बाइटावरील नोंदीतून आली, ही टीप ठेवावी. वाद उत्पन्न झाल्यास मूळ कागद दाखविता येणे हे संशोधकास जितके आवश्यक, तितकेच परीक्षकासही आवश्यक आहे.

८. मर्यादा व उपसंहार

या पद्धतीच्या अडचणी सांगितल्याशिवाय विवेचन पुरे होणार नाही. बाइटांवर थेट हात चालविणारा, कसून लिहिलेला प्रोग्राम बहुधा अधिक वेगवान असतो. हॅस्केलमध्ये गरज पडेल तेव्हाच मूल्य काढण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे प्रचंड फाइल थोडी थोडी वाचता येते. परंतु बेसावधपणे लिहिल्यास तीच रीत स्मृती भरून टाकते. शिवाय नोंदीचे लक्षणच चुकीचे लिहिले, तर प्रकारांची कोणतीही शिस्त ते बरोबर करू शकत नाही. चौथ्या व सहाव्या बिटांचा अर्थ लिहिणाऱ्यानेच उलटा घेतला, तर प्रोग्राम अत्यंत शिस्तीने चुकेल. आराखडा वाचून समजून घेणे हे माणसाचेच काम राहते. लायब्ररी एवढेच करते की, एकदा नीट समजलेली गोष्ट पुढे विसरली जाऊ देत नाही.

त्या खेपेचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. नव्या लायब्ररीने तीच फाइल पुन्हा वाचली असता नापास चिपांची मापने मर्यादेबाहेर असल्याचे दिसून आले, आणि ती कोणत्या चाचणीत बाहेर गेली हेही कळले. त्या चिपा रोखून ठेवण्यात आल्या. आधीच्या काही खेपांच्या फाइलीही पुन्हा वाचाव्या लागल्या; ते काम कंटाळवाणे होते, पण टाळण्यासारखे नव्हते. ज्याने प्रथम शंका काढली तो विभागातील सर्वांत नवा नोकर होता.

वर्गात 'उजाडले' या क्रियापदाचा कर्ता कोण, हा प्रश्न विचारला की विद्यार्थी हसतात. असल्या प्रश्नाने कोणाचे काय अडते, असे त्यांना वाटते. कर्ता लिहिलेला नाही म्हणजे तो मागचाच आहे की मुळीच नाही, हे ओळखण्याची सवय एका तरुणास परीक्षण-यंत्राच्या नोंदी वाचताना उपयोगी पडली. व्याकरणाच्या अध्यापकांनी हे उदाहरण आपल्या वर्गात अवश्य सांगावे. अभियांत्रिकीच्या अध्यापकांनीही आपल्या विद्यार्थ्यांना रिकामा रकाना दाखवून तो रिकामा का आहे, हे आधी विचारावे.